झाकिरभाईंचे तीन ग्रॅमी आणि तुमच्या घरातली ती सकाळ

मृदुला_पुणे
काल लेकीच्या तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, बदलायला पेठेतल्या दुकानात गेले होते. काकांनी जुन्या वाद्या, म्हणजे चामड्याच्या पट्ट्या, सोडवल्या, आठही लाकडी गट्टे फरशीवर ओळीने मांडले. बाजूला त्यांचा मुलगा दुसऱ्या पुडीवर मधल्या काळ्या गोलाचा, शाईचा थर देऊन दगडानं घोटत बसला होता. एक थर, घोटणं, परत थर. घाई नाहीच. बसल्या बसल्या भिंतीकडे लक्ष गेलं. वर्तमानपत्राचं कात्रण, लॅमिनेट केलेलं. हातात ग्रॅमीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या संगीत पुरस्काराच्या, ग्रामोफोनच्या बाहुल्या घेऊन हसणारे तबलावादक झाकिर हुसेन, आपले झाकिरभाई. खाली काकांनी बॉलपेननं लिहिलंय, ५ फेब्रुवारी २०२४, सोमवार.

एकदम ती सकाळ आठवली. मी डबे भरत होते, बाबा आतून हाका मारत आले. एरवी गुडघ्यांमुळे भिंत धरून चालतात, त्या दिवशी धरली नाही. "अगं तीन! एका रात्रीत तीन!" म्हणत स्वयंपाकघरात उभे. डोळ्यांत पाणी. बाबा स्वतः चाळीस वर्षं भजनी मंडळात तबला वाजवायचे. एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळवणारे झाकिरभाई पहिलेच भारतीय.

बाबा मागच्या श्रावणात गेले. दुकानात मला रडू आवरेना. तुमच्या घरी ही बातमी कशी आली, कोण आधी ओरडलं? लिहा ना. ग्रॅमीच्या इतर आठवणीही चालतील.

सायनकर
मी जागाच होतो. टीव्हीवर रात्री दिसतो तो मोठा सोहळा वेगळा. नव्वदहून जास्त विभागांतले बहुतेक पुरस्कार त्याआधी दुपारीच देतात, शेजारच्या पीकॉक थिएटरमध्ये. ते नेटवर थेट दिसतं. लॉस एंजेलिसची दुपार म्हणजे आपले पहाटेचे दोन-अडीच. हेडफोन लावून बसलेलो, बायको-मुलं झोपलेली. झाकिरभाईंच्या 'शक्ती' या बँडचं नाव पुकारलं तेव्हा ओरडता येईना म्हणून उशीत तोंड घातलं.

शुभदा
आमच्याकडे वेगळंच. सासूबाईंनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, अगंबाई हे तर 'कट्यार काळजात घुसली' सिनेमातले पंडितजी! 'शक्ती'चे गायक शंकर महादेवन. त्यांच्यासाठी झाकिरभाई नंतर, आधी पंडितजी. चेंबूरचा मुलगा गं आपला, असं दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. त्यांनी पुरस्कार बायकोला अर्पण केला हे कळल्यावर तर सासऱ्यांकडे असं काही बघितलं की विचारू नका :)

मृदुला_पुणे
@शुभदा हाहा, सासरे काय म्हणाले?

शुभदा
काही नाही, चहा करायला उठले.

गोठण
माझ्यासारख्यांसाठी कुणीतरी नीट लिहा, तीन कोणते? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेव्हा चार, पाच असे वाट्टेल ते आकडे फिरत होते.

सायनकर
@गोठण १) 'शक्ती'चा 'धिस मोमेंट', ग्लोबल म्युझिक अल्बम. २) 'पश्तो', ग्लोबल म्युझिक परफॉर्मन्स. ३) 'अ‍ॅज वी स्पीक', कंटेम्पररी इन्स्ट्रुमेंटल अल्बम. दुसऱ्या-तिसऱ्यात बेला फ्लेक बँजोवर, एडगर मायर डबल बासवर आणि बासरीवर आपले राकेश चौरसिया. म्हणजे राकेशजींचेही दोन. हे पाच कुठून आले ते कळलं असेल आता.

बांबूबन
धन्यवाद सायनकर, राकेशजींचं नाव कुणीतरी काढलंत! मी बासरी शिकते म्हणून जीव तुटतो. त्या दिवशी सगळीकडे हरिजींचे, म्हणजे पं. हरिप्रसाद चौरसियांचे, पुतणे एवढीच ओळख. त्या अल्बममध्ये बँजोचे तुटक तुटक स्वर असतात ना, त्यांच्या मधल्या फटींतून बासरी कशी सलग वाहते ते डोळे मिटून ऐका. एवढ्या मोठ्या काकांच्या सावलीत वाढून स्वतःची फुंकर सापडणं सोपं नाही हो.

ज्वारीची_भाकरी
'पश्तो'च्याच विभागात फाल्गुनी शाह आणि गौरव शाह यांचं भरडधान्यांवरचं गाणंही होतं, त्यात पंतप्रधानांच्या भाषणाचा भाग आहे. माझं नावच असं, मी कुणाची बाजू घेणार सांगा! फाल्गुनी पण मुंबईच्याच हं. २०२२ मध्ये त्यांना मुलांच्या गाण्यांच्या अल्बमसाठी ग्रॅमी मिळालाय. माझी धाकटी तोच अल्बम लावून जेवायची.

तात्या_कोल्हापूर
मंडळी, आम्ही जुने लोक. पं. रविशंकरांना १९६८ साली मिळाला तेव्हा ग्रॅमी म्हणजे काय हे आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्याबरोबरची ती ध्वनिमुद्रिका, तीही पाश्चात्त्यांच्या चेंबर म्युझिकच्या विभागात. आपल्यासाठी वेगळा कप्पाच नव्हता तेव्हा. माझ्या थोरल्या भावानं पुढे ती तबकडी मुंबईहून मागवली, आणि रेकॉर्ड प्लेअर नव्हता म्हणून मित्राकडे दर रविवारी जाऊन ऐकायचो. सुई टेकवायचा मान दादाचा.

१९९४ ला मोहनवीणावाले विश्वमोहन भट्टांना मिळाला तेव्हा मात्र मी पेढे वाटलेत. रेकॉर्ड प्लेअर मित्राच्या मुलानं मला दिला, अजून चालतो. बेल्ट बदलून घ्यायचाय. कोल्हापुरात कोण करतं का हो?

रंकाळा_७
तात्या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. माझे मामा करतात.

कोलोरॅडोची_माहेरवाशीण
मृदुला, तुझं गट्ट्यांचं वाचून लिहावंसं वाटलं. ती ग्रामोफोनची बाहुली आमच्या कोलोरॅडोत रिजवे नावाच्या छोट्या गावात बनते. जॉन बिलिंग्ज म्हणून कारागीर आहेत, वर्षानुवर्षं हातानं घडवतात. मंचावर देतात ती नुसती दाखवायची, नाव कोरलेली खरी नंतर घरी जाते. मागच्या उन्हाळ्यात त्या बाजूला गेलो होतो. चहूकडे डोंगर, गाव एका नजरेत मावेल एवढंसं. नवऱ्याला म्हटलं, झाकिरभाईंच्या कपाटातली बाहुली इथून निघाली आणि त्यांचा तबला मिरजेकडच्या, मुंबईत राहणाऱ्या एका मराठी कारागिराच्या हातून. तो गाडी चालवत होता, गप्पच झाला.

सायनकर
वा ताई. हे माहीतच नव्हतं.

मृदुला_पुणे
पुडी आणायला जाईन तेव्हा काकांना हे नक्की सांगते. खूष होतील.

अनामिक_७२
मला वाईट आठवण आहे, चालेल ना? फेब्रुवारी २०२४ ला ७२ वर्षांचा माणूस तीन बाहुल्या घेऊन हसत उभा, आणि १५ डिसेंबरला गेलेच. तेव्हा मी हॉस्पिटलात आईपाशी होते. पलंगाशेजारच्या खुर्चीवर मोबाईल बघितला आणि आईला सांगायचं नाही असं ठरवलं. पुढच्या ग्रॅमीत, २०२५ ला, दिवंगतांची चित्रफीत दाखवली त्यात झाकिरभाई नव्हते. चंद्रिका टंडन यांना 'त्रिवेणी' अल्बमसाठी ग्रॅमी मिळाला त्याचा आनंद होता, पण त्या फितीचं मनात राहिलं ते राहिलंच. चार ग्रॅमीवाल्या माणसासाठी दोन सेकंद नव्हते?

बांबूबन
@अनामिक मिठी. आई कशा आहेत आता?

अनामिक_७२
घरी आहे, बरी आहे. संध्याकाळी स्वतः दिवा लावते. देवाची कृपा.

गोठण
चार कसे? आत्ताच तीन मोजले ना.

तात्या_कोल्हापूर
@गोठण २००९ ला अमेरिकन ड्रमवादक मिकी हार्ट यांच्याबरोबर 'ग्लोबल ड्रम प्रोजेक्ट'साठी एक होता. तो धरून चार. आणि 'शक्ती'त पूर्वी घटम वाजवणारे विक्कू विनायकराम, त्यांचाच मुलगा सेल्वागणेश २०२४ ला मंचावर. 'शक्ती' सुरू झाली १९७३ ला. पन्नास वर्षांनी हा ग्रॅमी. बापाची जागा मुलानं चालवली. मला त्यातच भरून आलं.

माटुंगा_इडली
झाकिरभाईंचे वडील अल्लारखाँसाहेब, आपले अब्बाजी, त्यांच्या बरसीला, म्हणजे पुण्यतिथीला, ३ फेब्रुवारीला, षण्मुखानंदला पहाटेचा कार्यक्रम असतो त्याला कोण कोण गेलंय? आम्ही कॉलेजात असताना पहिली लोकल पकडून जायचो. बाहेर अंधार, आत तबला, आणि बाहेर येतो तर ऊन. नंतर माटुंग्यात इडली-कापी. त्या वर्षीचे ग्रॅमी ४ तारखेला, अब्बाजींच्या बरसीच्या दुसऱ्याच दिवशी. बातमी वाचल्यावर मला आधी हेच सुचलं. लेकानं वडिलांपुढे नेऊन ठेवले तिन्ही.

ज्वारीची_भाकरी
@माटुंगा_इडली काटा आला अंगावर.
यंदा जायचंय मला. सायनला उतरायचं का?

माटुंगा_इडली
नको नको, हार्बरवर किंग्ज सर्कल. तिथून चालत. लवकर जा पण, आणि शाल घे, एसी फार असतो.

हिंजवडी_ते_हडपसर
धागा वाचता वाचता बस स्टॉप चुकला. त्या वर्षी मी मात्र टेलर स्विफ्टसाठी सकाळी साडेसहापासून बसले होते, चौथा अल्बम ऑफ द इयर, कुणालाच तेवढे मिळाले नव्हते. ट्रेसी चॅपमनबाई गायल्या तेव्हा मी आणि रूममेट दोघी रडलो. झाकिरभाईंचं मला ऑफिसात कळलं. टीम लीडनं डेस्कवर बोटांनी तिरकिट वाजवत सांगितलं. तोवर त्यांना तबला येतो हे आम्हाला कुणाला ठाऊकच नव्हतं. आता दर शुक्रवारी कँटीनमध्ये टेबल वाजतं.

रंकाळा_७
मृदुलाताई, पुडीचे किती घेतले? भाच्याचा डग्गा पण बसलाय.

मृदुला_पुणे
@रंकाळा_७ पैसे नेताना सांगतो म्हणाले. मंगळवारी बोलावलंय, पावसाळी हवेत शाई नीट सुकत नाही म्हणे. डग्गा पिशवीत घालून नेऊ नका, हवेशीर ठेवा.

आणि हो, लेकीनं आज आजोबांचा जुना तबला माळ्यावरून काढायला लावला. तिचा येईपर्यंत त्याच्यावर वाजवते म्हणाली. सूर चढा लागलाय, तो जुळवायची हातोडी सापडत नाहीये. बाबांनी कुठे ठेवलीय कुणास ठाऊक, सकाळपासून शोधतोय सगळे.