प्रतिसाद: मैलागाळाचे निर्जंतुकीकरण

मैलापाणी शुद्ध करताना उरणारा गाळ निर्जंतुक करण्याच्या एका नव्या पद्धतीने त्यातले कॉलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जंतू, ज्यांच्या संख्येवरून गाळ किती दूषित आहे हे ठरवतात) ९९.९ टक्के घटतात, म्हणून हा गाळ शेतीला निर्धोक आहे, असा दावा केला गेला आहे. ते मला पटत नाही. कच्च्या गाळात ग्रॅममागे एक कोटी जंतू असतील, तर एवढ्या घटीनंतरही १०,००० उरतात, आणि अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांत सर्वोच्च श्रेणीसाठी मर्यादा कोरड्या गाळाच्या ग्रॅममागे १,००० आहे. टक्केवारी नव्हे, उरलेली संख्या विचारली पाहिजे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कॉलिफॉर्म मेले म्हणून जंतांची अंडी मेली असे होत नाही. गोल जंताच्या अंड्याचे कवच जाड असते, ते मातीत वर्षानुवर्षे तग धरते, आणि पालक-मेथीच्या वाफ्यात अनवाणी बसून हाताने खत पसरणाऱ्या बाईच्या नखांत तेच अडकते. म्हणून अंडी जिवंत आहेत का, हे उबवून पाहणारी चाचणी मला अनिवार्य वाटते.

आपल्या बडोद्यात गाजरावाडीला कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी गाळ निर्जंतुक करण्याचे काम भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानाने पूर्वीच झाले आहे, तेव्हा नव्या पद्धतीची तुलना त्याच्याशी व्हावी. अर्थात किरणांनी जड धातू जात नाहीत. त्यांची तपासणी वेगळीच. शिवाय निर्जंतुक गाळ ओलसर राहिला आणि त्यात बाहेरून थोडे जंतू शिरले, तर त्यांच्याशी स्पर्धा करणारे इतर जंतू उरलेले नसल्याने ते झपाट्याने वाढू शकतात. त्यामुळे नमुना यंत्रातून बाहेर पडताना एकदा आणि साठवणीनंतर, शेतकऱ्याच्या हाती देण्याआधी, पुन्हा घ्यायला हवा.