मदत हवी आहे: स्पॅनिशमध्ये 'उस्तेद'ला (आदराचं 'तुम्ही') 'अब्ला' का?

मंडळी, मी दीड महिन्यापासून ऑनलाइन स्पॅनिश शिकतेय, ए१ म्हणजे अगदी सुरुवातीची लेव्हल. अब्लार म्हणजे बोलणे, शेवटचं आर काढायचं आणि अब्लो, अब्लास, अब्ला, अब्लामोस, अब्लाइस, अब्लान, हे पाढ्यासारखं घडाघडा म्हणते पण वाक्य करायला बसलं की बोंब. काल होमवर्कमध्ये 'तुम्ही स्पॅनिश बोलता का'ला 'उस्तेद अब्लास एस्पान्योल?' लिहिलं तर लाल काट, म्हणे 'अब्ला' पाहिजे. अहो पण अब्ला म्हणजे तो बोलतो, ती बोलते ना? मी तर समोरच्याशीच बोलतेय! सरांना विचारलं तर 'असंच असतं, पाठ करा'.

आणि कोमेर (खाणे), बिबिर (राहणे) यांची रूपं मला सारखीच वाटतात, दर वेळी 'बिबेमोस' लिहून बसते. काही युक्ती?

प्रतिसाद १
'उस्तेद' हे 'बुएस्त्रा मेर्सेद'चं झिजलेलं रूप, अर्थ 'आपली कृपा' वगैरे, म्हणजे आपलं सरकार, मायबाप टाइप. आपणही समोर बसलेल्यालाच विचारतो की, 'काय म्हणतात रावसाहेब?' तसंच ते, म्हणून क्रियापद तिसऱ्याचं. अब्लास फक्त 'तू'ला, आणि गंमत म्हणजे स्पॅनिशमध्येही तूला 'तू'च म्हणतात. अनेक रावसाहेब असले की उस्तेदेस अब्लान.

कोमेर-बिबिरच्या शेपट्या चार जागी एकच आहेत, ओ, एस, ए, एन (कोमो-बिबो, कोमेस-बिबेस, कोमे-बिबे, कोमेन-बिबेन), त्यामुळे गोंधळ होणारच. फरक फक्त आम्ही आणि तुम्ही लोक यात: कोमेमोस-बिबिमोस, कोमेइस-बिबीस. मूळ शब्दाच्या शेवटी एर की इर ते बघायचं, तोच स्वर तिथे येतो.

प्रतिसाद २
वरच्यात भर. ते बोसोत्रोस (तुम्ही लोक) अब्लाइस मुख्यतः स्पेनमध्ये चालतं, लॅटिन अमेरिकेत जिगरी मित्रांच्या टोळक्यालाही उस्तेदेसच. बाकी आपल्यापेक्षा सोपंच आहे हो, बोलतो-बोलते भानगड नाही, बाई असो बुवा असो अब्लोच, आणि आम्ही-आपण दोन्हीला एकच अब्लामोस. 'यो' (मी) पण दर वेळी लावू नका, आपण नुसतं 'येतो' म्हणतो तसं नुसतं अब्लो पुरतं.

धागाकर्ती
रावसाहेब एकदम डोक्यात बसले, धन्यवाद! आमचे क्लायंट मेक्सिकोचेच आहेत त्यामुळे बोसोत्रोसला परीक्षेपुरतंच धरते. तेनेरचं (जवळ असणे) तेनो न होता तेंगो कसं होतं ते नंतर विचारेन, आज नको.