'मार्टर': हुतात्मा, शहीद की रक्तसाक्षी?

स्मिर्नाचे (आजचं तुर्कस्तानातलं इझमिर) बिशप पॉलिकार्प यांच्यावर लेख लिहितेय. ख्रिस्तावरच्या श्रद्धेपायी त्यांना ठार मारलं, ती साधारण इ. स. 155ची घटना. 'मार्टर'ला 'हुतात्मा' लिहिलं, पण प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर फ्लोरा फाउंटनच येतं! दुसरा शब्द आहे का?

— ताई, ख्रिस्ती मराठीत 'रक्तसाक्षी' आहे की. आणि अगदी नेमका आहे. ग्रीक 'मार्तुस' म्हणजे साधा साक्षीदार, कोर्टात उभा राहतो तो. मरणाचा त्यात मुळात संबंध नाही. रोमन अधिकारी पॉलिकार्पना म्हणतो, ख्रिस्ताची निंदा कर, सोडून देतो. म्हातारा म्हणतो, 86 वर्षं त्याची चाकरी केली, त्यानं माझं काही वाकडं केलं नाही; माझ्या राजाची निंदा कशी करू? साक्ष इथेच झाली. चिता नंतर पेटली.

— मग 'शहीद'ही चालेल. अरबीत त्याचाही मूळ अर्थ साक्ष देणाराच. 'हुतात्मा'ची जात वेगळी. हुत म्हणजे होमात अर्पण केलेलं. सावरकरांनी घडवलेला शब्द, त्यात यज्ञ आहे, साक्ष नाही.

— थांबा, 'हुतात्मा' इतक्यात बाद करू नका. हा प्रसंग ज्यात आलाय, त्याच त्यांच्या मृत्यूच्या जुन्या वृत्तान्तात पॉलिकार्पना बळीसाठी कळपातून निवडलेल्या मेंढ्याची उपमा दिलीय, आणि ज्वाळांतून भाजत्या भाकरीसारखा, धुपासारखा वास आला असं म्हटलंय. म्हणजे होमाची कल्पना तिथेही आहेच.

— 'शहीद' मात्र नको. मराठी वाचकाला लगेच सीमेवरचा जवान आठवतो.

अजून एक अडचण. पॉलिकार्प यांच्या अस्थी रत्नांहून मोलाच्या मानून लोकांनी जपून ठेवल्या आणि दरवर्षी तिथे जमून 'जन्मदिवस' पाळायचा असं ठरवलं. पण दिवस तर मृत्यूचा! 'पुण्यतिथी' करू?

— मोह होतो खरा, तुकाराम बीज डोक्यात असतेच. पण मरणालाच जन्म म्हणायचं, ही त्या शब्दाची सगळी गंमत 'पुण्यतिथी'त जाते. 'जन्मदिवस'च ठेवा, पुढे अर्ध्या ओळीत खुलासा करा.

— आणि सगळ्याच संतांना 'रक्तसाक्षी' करून टाकू नका हं. फ्रान्समधल्या तूरचे बिशप संत मार्टिन 397 साली अंथरुणावर गेले, कुणी मारलं नाही. भिकाऱ्याला अर्धा झगा कापून देणारे ते हेच. तो झगा, लॅटिन 'काप्पा', जिथे जपला ती जागा 'काप्पेल्ला'. आपलं 'चॅपेल' तिथूनच आलं.

— 'सेंट' आणि 'संत' एकच ना?

— नाही हो, योगायोग आहे. 'संत' संस्कृत 'सत्'वरून, म्हणजे असणं. 'सेंट' लॅटिन 'सांक्तुस'वरून, म्हणजे पवित्र केलेला. म्हणून तर प्रेषित पौलाच्या पत्रांच्या लॅटिन भाषांतरात जिवंत, साध्या विश्वासणाऱ्यांनाही तोच शब्द लावलाय, आणि मराठी बायबलात तिथे 'पवित्र जन' आहे. सांताक्रूझमध्ये तर कुणी संतच नाही, नुसता पवित्र क्रूस.

ठरलं. मथळ्यात 'रक्तसाक्षी', चितेच्या परिच्छेदात एकदाच 'हुतात्मा' ठेवते.