तीन दिवसांच्या शहरवारीत प्रसिद्ध डिपार्टमेंट स्टोअरला वेळ द्यावा का?

पायपीट (धागाकर्ता)

पॅरिस, लंडन किंवा बर्लिनमध्ये जेमतेम तीन दिवस हाताशी आहेत. यादीत संग्रहालय, नदीकाठ, एखादं चर्च हे सगळं येतं. पण पॅरिसच्या गालरी लाफायेत किंवा लंडनच्या हॅरॉड्सचं नाव काढलं की सोबतचं कुणीतरी नाक मुरडतं, "दुकानं बघायला एवढ्या लांब आलोय का?" माझं म्हणणं, हो, त्यासाठीही आलोय.

पॅरिसच्या ऑपेरामागे असलेल्या गालरी लाफायेतचा घुमट १९१२ सालचा, ४३ मीटर उंचीवरचा. रंगीत काचा झाक ग्रुबेर यांच्या, सज्जांचे कठडे लुई माजोरेल यांचे. दोघेही आर नुव्हो या वेलबुट्टीदार, वळणदार शैलीतले बिनीचे कारागीर. त्यांचं काम संग्रहालयात बघायचं तर तिकीट काढावं लागतं. इथे दार ढकलून आत गेलं की झालं.

दुसरा मुद्दा संकोचाचा. "घ्यायचं काही नाही, मग आत कशाला जायचं?" असं पुष्कळांना वाटतं. हाच संकोच मोडून ही दुकानं मोठी झाली. आरिस्तीद बुसिको १८५२ मध्ये पॅरिसच्या बाँ मार्शे या दुकानात भागीदार झाले आणि पुढे त्यांनी तिथे जो धंदा उभा केला त्याचे नियम साधे होते: वस्तूवर किंमत लिहिलेली, घासाघीस नाही, आत या, हिंडा, घ्यायलाच हवं असं नाही, घेतलेलं पटलं नाही तर परत करा. त्याआधी दुकानात पाऊल टाकलं की काहीतरी घेऊनच बाहेर पडायचं, अशी अपेक्षा असे. म्हणजे नुसतं बघणारा माणूस हा या दुकानांनीच घडवलेला प्राणी आहे. त्याने लाजायचं कशाला?

माझी पद्धत सांगतो. दुकान उघडतानाच पोचायचं, लिफ्टने सगळ्यात वर जायचं आणि एकेक मजला पायी उतरत यायचं. तळमजल्यावरच्या अत्तरांचा मारा शेवटी सोसायचा. दीड तास पुष्कळ होतो. तुमचं काय मत?

सडेतोड

साफ असहमत.

घुमट सुंदर आहे, वाद नाही. पण घुमट बघायला दहा मिनिटं लागतात. मान खाली केली की काय दिसतं? तेच घड्याळवाले, त्याच पर्सा, तीच अत्तरं, जी विमानतळावर येताना दिसली होती आणि जाताना पुन्हा दिसणार आहेत. तुम्ही माजोरेल यांचे कठडे सांगितलेत, पण त्यांचा भव्य जिनाही तिथे होता. तो १९७४ मध्ये काढून टाकला. ज्यांना स्वतःच्या इमारतीतला असा जिना नकोसा झाला, त्यांना संग्रहालयाचा मान कशाला द्यायचा?

आणि तो दीड तास! पुष्कळ दुकानांत सरकते जिने मुद्दाम असे बसवलेले असतात की एका मजल्यावर उतरलं की पुढचा जिना पकडायला अर्ध्या मजल्याची प्रदक्षिणा घडते. वाटेत मांडणी असतेच. अत्तरं नि सौंदर्यप्रसाधनं दाराशी आणण्याची चाल लंडनच्या सेल्फ्रिजेस दुकानाचे संस्थापक सेल्फ्रिज यांच्या नावावर सांगतात. म्हणजे शंभरेक वर्षं या लोकांनी तुमचा वेळ खाण्याचाच अभ्यास केलाय. तिथे "मी फक्त दीड तास थांबणार" असं ठरवून जाणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.

दगडविटा

सडेतोड, तुम्ही मान खाली घालून बघताय, गडबड तिथेच आहे. (हलकं घ्या.)

घुमट शोभेसाठी आहे असं धरून तुम्ही बोलताय. या इमारती आखल्या गेल्या तेव्हा विजेचे दिवे नव्हते किंवा बेताचे होते. एवढ्या रुंद मजल्यांच्या पोटात उजेड न्यायचा कसा? म्हणून मधोमध पोकळी सोडायची, वर काचेचं छप्पर आणि भोवती सज्जे. जाड भिंती घातल्या तर जागा जाते नि उजेड अडतो, म्हणून लोखंडी सांगाडा. बाँ मार्शेच्या इमारतीत वास्तुरचनाकार बॉयलो यांच्या जोडीला गुस्ताव आयफेल यांची कंपनी होती, मनोऱ्याच्या कितीतरी आधी. गिऱ्हाइकाला कापडाचा खरा रंग दिसावा या गरजेतून ती जागा घडली आहे. दहा मिनिटं घुमट बघून निघालात तर हे कळत नाही. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला रेलून खाली बघायचं. समोरच्या सज्जातली माणसं तुमच्याकडे बघतायत हे लक्षात येतं आणि एकदम जाणवतं की हे नाट्यगृहाच्या धर्तीवर बांधलंय.

न्यूयॉर्कच्या मेसीजमध्ये जुने लाकडी सरकते जिने अजून काही ठिकाणी चालू आहेत. पायाखाली लाकूड खडखडतं. तेवढ्यासाठीही मी जाईन. हॅरॉड्समध्ये १८९८ साली इंग्लंडमधला पहिला सरकता जिना लागला, तेव्हा वर पोचून घाबरलेल्या गिऱ्हाइकांना ब्रँडी आणि हुंगायचे क्षार देत असत.

गच्चीचंही सांगतो. १९ जानेवारी १९१९ रोजी झ्यूल व्हेद्रीन नावाच्या वैमानिकाने गालरी लाफायेतच्या गच्चीवर चक्क विमान उतरवलं. दुकानाने २५,००० फ्रँकचं बक्षीस ठेवलं होतं. ते त्याला मिळालं, आणि पोलिसांचा दंडही. आज त्याच गच्चीवरून ऑपेराचं छत आणि आयफेल मनोरा दिसतो, तोही फुकट.

ओवी

तुमचा घुमट आणि त्यांचा जिना दोन्ही बाजूला ठेवा. मी आईबाबांना घेऊन जाते तेव्हा डिपार्टमेंट स्टोअर माझ्या नकाशावर सगळ्यात आधी येतं. कारण? स्वच्छतागृह, लिफ्ट, बसायला जागा, आणि बाहेर थंडी-पाऊस असला तर ऊब. आईचे गुडघे संग्रहालयातल्या लांबलचक दालनांपुढे हात टेकतात, आणि जुन्या भुयारी रेल्वे स्थानकांवर लिफ्ट असेलच याची खात्री नाही. दुपारी दोन ते चार हा वेळ कुठे काढायचा, हा ज्येष्ठांबरोबरच्या सहलीतला खरा प्रश्न. वास्तुकला वगैरे नंतर.

तिरपी_रेघ

ओवी, तुमच्या आईबाबांना तसा अनुभव आला नाही हे बरं झालं. "फुकट प्रवेश" हे सगळ्यांसाठी सारखं फुकट नसतं. एका मोठ्या दुकानात (शहरही सांगत नाही) पाठीवर सॅक, पायात चिखलाचे बूट अशा अवतारात मी गेले होते. सुरक्षारक्षक काही बोलला नाही. फक्त मी थांबले की तो थांबे, मी वळले की तोही वळे. हातमोजे बघत होते, ते परत ठेवताना मी हात त्याला दिसतील असे ठेवले. त्यानंतर घुमटाकडे बघायची इच्छा उरत नाही.

हॅरॉड्सने तर एकेकाळी गिऱ्हाइकांच्या कपड्यांसाठी नियमच केले होते. फाटकं, तोकडं चालत नसे, पाठीवरची सॅक हातात धरावी लागे. धागाकर्ते म्हणतात तो "नुसतं बघणारा" माणूस या दुकानांना हवाय खरा, पण तो उद्या घेणारा दिसत असेल तरच.

पायपीट

तिरपी_रेघ, याला माझ्याकडे उत्तर नाही. बुसिकोंचं दार सगळ्यांना उघडं होतं ते कागदावर. आत आल्यावर कोण कुणाला कसं जोखतं, हा भाग कुठल्याच नियमावलीत नसतो. तरी मी म्हणेन की म्हणूनच दार सोडू नये.

नकाशावाला

चर्चा रंगलीय, पण जायचं ठरलंच तर आधी वार बघा.

जर्मनीत दुकानं रविवारी बंद. वर्षातले काही ठरावीक रविवार सोडले तर बर्लिनचं कादेवे हे मोठं डिपार्टमेंट स्टोअरही बंद.

लंडनमध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाला रविवारी सलग सहाच तास विक्री करता येते, तीही सकाळी दहा ते संध्याकाळी सहा यांच्या दरम्यान. काही दुकानं अर्धा तास आधी दार उघडतात. तेव्हा फक्त हिंडायचं, गल्ला बंद. सडेतोड, ही अर्ध्या तासाची वेळ खास तुमच्यासारख्यांसाठी.

पॅरिसची ऑपेराजवळची मोठी दुकानं रविवारी उघडी असतात.

खरेदी करणार असाल तर: युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना फ्रान्समध्ये एकाच दुकानात तीन दिवसांच्या आत १०० युरोंच्या वर खरेदी केली की करपरतावा मागता येतो. पासपोर्ट जवळ ठेवा आणि निघताना विमानतळावरच्या यंत्रावर फॉर्म स्कॅन करायला विसरू नका. त्याशिवाय पैसे नाहीत. कर २० टक्के असला तरी हातात त्याहून बरंच कमी येतं, मधले लोक आपला वाटा घेतात. लंडनमध्ये पिशवी घेऊन बाहेर पडणाऱ्या पर्यटकासाठी ही सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. जुने ब्लॉग वाचून "तिकडे कर परत मिळतो" म्हणणारे अजून भेटतात.

जुनीपाटी

दगडविटा, तुम्ही गच्चीवर उतरलेलं विमान सांगितलंत. बर्लिनच्या कादेवेवर १९४३ मध्ये दोस्त राष्ट्रांचं एक विमान कोसळलं आणि इमारत बरीचशी जळाली. पुन्हा दारं उघडली ती १९५० मध्ये. त्याच्या आधीची गोष्ट आणखी वाईट. १९०७ मध्ये ते दुकान उभारणारे आडोल्फ यांडोर्फ ज्यू, पुढे ते ज्यांनी विकत घेतलं ते टिट्झ कुटुंबही ज्यू. नाझी सत्तेवर आल्यावर टिट्झ कुटुंबाला धंद्यातून हुसकावलं गेलं.

मी कादेवेला जा असंच सांगेन. सहाव्या मजल्यावर खाण्याच्या काउंटरपाशी उभं राहा, गर्दी बघा, पण हे डोक्यात ठेवून. इमारत बघायची आणि मालक कसे बदलले हे बघायचं नाही, याला मी अर्धवट पर्यटन म्हणतो.

सडेतोड

बघा, वाचण्यासारखं जे जे इथे आलं ते सगळं भूतकाळातलं. विमान १९१९, ब्रँडी १८९८, आग १९४३. घरी बसून वाचता येतं. आज तिथे काय आहे, ते कुणी सांगेना. पॅरिसच्या ला सामारितेन या दुकानाचंच घ्या. "सामारितेनमध्ये सगळं मिळतं" अशी त्यांची जाहिरात असे. सुरक्षेच्या कारणावरून २००५ मध्ये बंद झालं, २०२१ मध्ये नटूनथटून उघडलं. मोराचं भित्तिचित्र झकास, बाजूला आलिशान हॉटेल, आणि "सगळं" मात्र गायब. कादेवे ज्या समूहाचं आहे त्यानेही जानेवारी २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. शहरातल्या माणसांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवली, ती दुकानं आता पर्यटकांच्या जिवावर चालवायची आणि आपण त्याला वारसा म्हणायचं?

गल्लाबोळ

सडेतोड, तुमचा प्रश्न नेमका आहे: गावातली माणसं तिथे अजून खरेदी करतात का? या कसोटीवर मी टोकियोला जाईन.

आधी एक दुरुस्ती. ठरलेली किंमत आणि रोखीचा व्यवहार ही पॅरिसची मक्तेदारी नव्हे. मित्सुई ताकातोशी यांनी १६७३ मध्ये एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, एचिगोया हे कापडाचं दुकान काढलं आणि पुढे त्याच तत्त्वांवर ते वाढवलं. त्याचंच आजचं रूप टोकियोच्या निहोनबाशी भागातलं मित्सुकोशी हे डिपार्टमेंट स्टोअर. दाराशी १९१४ पासून बसलेले ब्राँझचे सिंह, आत १९३० पासूनचा पाइप ऑर्गन, दालनाच्या मधोमध अनेक मजले उंच अशी अप्सरेची लाकडी मूर्ती. पण मला आवडतं ते भेटवस्तू बांधून देण्याचं काउंटर. खोकं कागदावर तिरकं ठेवायचं, मग ते उलटत नेत एकेक घडी त्याच्या अंगाला घट्ट बसवत जायची. कागद कुठे फुगत नाही, शेवटी चिकटपट्टीचा एखादा तुकडा. मागे उभ्या असलेल्या आजी घाईत नव्हत्या. त्या रोजच्याच गिऱ्हाईक असाव्यात, कारण काउंटरवालीने त्यांना न विचारताच कागद काढला. पर्यटक वर मूर्तीचे फोटो काढत होते, इकडे कुणी फिरकलं नाही.

सडेतोड

हे मात्र पटलं. म्हणजे घुमटाखालचा तळमजला सोडून थेट भांडी, चादरी, बटणं-दोरे यांच्या मजल्यावर जायचं, जिथे तिथलाच माणूस झाकण उघडझाप करून बघतोय. असा मजला असेल तर अर्धा तास देतो. नसेल तर गच्ची, आणि बाहेर.

दगडविटा

दहा मिनिटांवरून अर्ध्या तासावर आलात. प्रगती आहे.

ओवी

वरच्या मजल्यांवर गर्दी कमी आणि खुर्च्या जास्त असतात, हे मी जाता जाता नोंदवून ठेवते.

नवखा_प्रवासी

सगळे प्रतिसाद वाचले, छान चर्चा. आम्ही शनिवारी रात्री बर्लिनला पोचतोय आणि सोमवारी पहाटे विमान आहे. बायको म्हणते कादेवे, मी म्हणतो संग्रहालय. काय करावं?

सडेतोड

नकाशावाल्यांचा प्रतिसाद पुन्हा वाचा. मधे फक्त रविवार आहे. सुटलात!