सणात गोड खायचं म्हणून दुपारचं जेवण टाळावं का?

आईला टाइप २ मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळ्या चालू. सण आला की तिचं ठरलेलं, "संध्याकाळी गोड आहे ना, मग दुपारी जेवत नाही." गोळी मात्र वेळेवर घेते. चालेल का हे?

उत्तर १: मुळीच नाही! ग्लिमेपिराइड पोट रिकामं असलं तरी इन्सुलिन सोडायला लावतं, मग साखर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, रक्तातल्या साखरेचा आकडा ७० mg/dL च्या खाली गेला, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. तेव्हा मिठाई नको. तिच्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा चढते. आणि गोळीबद्दल डॉक्टरांशी सणाआधीच बोला.

उत्तर २: आमचे बाबा गोडाचा एक तुकडा जेवणातच घेतात, तेवढे पिष्टमय पदार्थ ताटातून कमी करून. दोन तासांनी तपासणी. 'शुगर-फ्री'ला भुलू नका, पिठातली कर्बोदकं असतातच.

प्रश्नकर्ती: आभार! पण आग्रह करणाऱ्या मावशीचं काय करू?

उत्तर २: तिच्यासमोरच ग्लुकोमीटर काढा. आमच्या आत्याने सुई पाहिली की डबा आपसूक बंद होतो :)