मदत हवी आहे: वाचनालयातला आवाज, उजेड, गर्दी यांची माहिती आधीच कशी द्यावी?

नमस्कार मंडळी. आमच्या सार्वजनिक वाचनालयासाठी एक माहितीपत्रक तयार करतेय. कुठल्या दालनात किती आवाज असतो, उजेड कसा आहे, एकटं बसायला कोपरा आहे का, हे लोकांना घरूनच कळावं, अशी मनापासून इच्छा आहे.

रॅम्पचं सोपं आहे. १ फूट उंचीला निदान १२ फूट लांबी, व्हीलचेअर वळवायला साधारण १.५ मीटर मोकळी जागा. मोजा आणि लिहा. घोडं अडलंय ते आवाज-उजेडापाशी. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. बहुतेकांना ते जाणवतही नाही, पण काही स्वमग्न किंवा मायग्रेन असलेल्या वाचकांना त्याचा खरोखर त्रास होतो. स्वच्छतागृहातलं हात सुकवायचं यंत्र एकदम घोंघावतं, तेही सांगायलाच हवं. आणि बालविभाग? सकाळी निवांत, संध्याकाळी गजबजलेला. पत्रकात दालनं आवाज-गर्दीनुसार रंगवलेला नकाशा असेल, त्यावर याला कुठला रंग द्यायचा? माझं मत वेळेनुसार लिहावं असं आहे, पण मग पत्रक किचकट होतं.

असं पत्रक कुणी स्वतः वापरलंय का? फोटो जास्त कामी येतात की डेसिबलचे आकडे? अंध वाचकांना रंगीत नकाशाचा उपयोग नाही, त्यांच्यासाठी ऑडिओ करणार आहोत. त्यात दारापासूनची वाट सांगताना पावलं मोजून सांगावीत की वळणं आणि खुणा? ज्यांना रोज याची गरज पडते त्यांनी जरूर लिहा.