बाइंडिंगला आधी कोणती पुस्तकं द्यायची?

काउंटरवाली:
आमचं तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय, देवघेव मी बघते. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनानिमित्त सभासदांकडून आवडत्या पुस्तकाची चिठ्ठी घेतो. दरवर्षी तीच नावं: मृत्युंजय, ययाति, श्रीमान योगी, श्यामची आई. ययातिच्या दोन्ही प्रती अजून करकरीत आहेत! आणि भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या एकाही पुस्तकाला धड पुठ्ठा उरलेला नाही. रहस्यकथावाल्या सुहास शिरवळकरांचीही तीच गत. पण चिठ्ठीवर धारप लिहायला मंडळी लाजतात.
बाइंडिंगला पैसे थोडे. कार्यकारिणी म्हणते, चिठ्ठ्या बघून ठरवा. मी म्हणते, फाटलंय ते शिवा. तुमच्याकडे कसं ठरवतात?

निवृत्त ग्रंथपाल:
ताई, देवघेवीचं रजिस्टर घेऊन सभेत बसा, वाद मिटेल. मात्र जुन्या भयकथा-रहस्यकथांचा कागद हलका, पिवळा पडून कुरकुरीत झालेला असतो. मशीनची शिवण मारली की पानं कडेने तुटतात. हाताने शिवून घ्या, आणि पाठीकडचा समास कापू देऊ नका, नाहीतर अर्धे शब्द शिवणीत जातात. खळीत मोरचूद घालायला सांगायचं, कसर लागत नाही. नवी आवृत्ती मिळत असेल तर बांधणीच्या फंदात पडूच नका.

सडेतोड:
अनुदानाच्या पैशात भुतंखेतं? वाचनालयाने अभिरुची घडवायची असते.

काउंटरवाली:
दादा, अभिरुचीचा किस्सा ऐका. 2018 साली 'तुंबाड' सिनेमा आला. धारपांच्या कथेचा त्यात वाटा आहे हे ऐकून कॉलेजची पोरं पहिल्यांदाच काउंटरवर आली. त्यातल्या एकाने स्वतःच शोधून 'तुंबाडचे खोत' नेलं. श्री. ना. पेंडशांची कादंबरी, दोन जाडजूड खंड, भूत शोधून सापडणार नाही! पहिला खंड परत करताना म्हणाला, "ताई, भूत कुठंय?" आणि दुसरा घेऊन गेला. तो आज आमचा नियमित सभासद आहे. चिठ्ठ्या गोळा करून असा एकही मिळाला नव्हता.

सडेतोड:
बरं, खोतांचे खंड तरी शिवून घ्या.

काउंटरवाली:
पहिला दिलाय. दुसरा सध्या बाहेर आहे.